जपानीभाऊंचे सामुराई

जपानी भाषेचा एक शब्दही येत नसलेल्या माणसाला आमच्या गावात सगळे जपानीभाऊ म्हणत. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन ते गोंडपिपरीजवळच्या आमच्या खेड्यात राहायला आले, ते जुन्या जपानी सिनेमांचं वेड घेऊनच. पडदा नुकता बोलू लागला होता त्या काळातले, काळेपांढरे सिनेमे. रविवारी दुपारी विहाराच्या सभागृहात खिडक्यांना सतरंज्या टांगून ते भिंतीवर दाखवत.

आवाज मात्र बंद ठेवत. खालची इंग्रजी अक्षरं वाचून सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच बोलत, तेही आमच्या बोलीत. "काऊन बे, आमच्या मालकाले मारून तू आरामात जेवून राह्यला?" असं एखादा सामुराई दरडावायचा आणि बाया हसून लोटपोट व्हायच्या. निम्मे संवाद भाऊंच्या पदरचे असत. कुणाची तक्रार नव्हती.

ऐन रंगात सिनेमा थांबवायची त्यांना भारी खोड. "आता तुमी असते त काय केलं असतं?" याचं उत्तर आल्याशिवाय पुढचं दाखवत नसत. आम्ही चिडायचो, पण उत्तर द्यायचो.

माझ्या बाबांना सामुराईंचा सूड फार आवडे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादात काकांनी आजोबांना कोर्टात उभं केलं होतं. मरताना आजोबांनी बाबांकडून शब्द घेतला, या भावाच्या दारचं पाणी प्यायचं नाही. दोन्ही घरांची भिंत एक, पण बोलणं नाही. आईचा जीव तुटायचा.

त्या रविवारी धन्याच्या खुनाचा सूड घेतलेले सामुराई मृत्युदंड ऐकायला रांगेत बसले होते. भाऊंनी सिनेमा थांबवला. "बोला, बरोबर केलं का यायनं?"

"शब्द पाळला त्यायनं," बाबा ताठ मानेनं म्हणाले.

सभागृहात कधी तोंड न उघडणारी आई मागून बोलली, "मालक त कवाच गेला. यायच्या घरच्याईनं आता कोनाकडे पाहाचं?"

बाबा उठून घरी गेले. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाही, हा नियम भाऊंनी मोडला नाही. सिनेमा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काकांच्या दारात गेले आणि पाणी मागितलं. काकू तांब्या घेऊन आली ती रडतच. कुणी भाऊंना श्रेय दिलं की ते वैतागत, "मी काई नाई केलं बाप्पा, मले त शेवट दाखवाचा होता!"

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिरडीला पुढून एका बाजूनं बाबांनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूनं काकांनी. काका बुटके. तिरडी कलू नये म्हणून माझे उंचपुरे बाबा नदीपर्यंत गुडघ्यांत वाकून चालले.