घरजावयाचं घर

माझा नवरा जागचा हलला नाही, तरी परदेशी झाला. तो गोव्याचा सुतार. आमच्या ख्रिस्ती देवळातली वेदी दुरुस्त करायला वसईत आला, तेव्हा गोव्याहून येणाऱ्याला कोणी काही विचारत नसे. वेदी झाली, आमचं लग्न झालं, आणि तो माझ्या बापाच्याच घरी राहू लागला. सात वर्षांनी गोव्याच्या हद्दीवर पहारे बसले आणि त्याच्या हातात कागद आला: पोर्तुगीज प्रजाजन, मुक्काम तात्पुरता, दर सहा महिन्यांनी पोलीस ठाण्यावर हजेरी. इथलं नागरिकत्व घे, असं सगळे सांगत. पण पलीकडे त्याची म्हातारी आई एकटी होती, आणि तिकडचा कागद टाकला असता तर तिला भेटायची वाट बंद झाली असती. म्हातारीला तोडून मिळणारं नागरिकत्व मलाही नको होतं.

मला हवं होतं घर. दोघांचं. बापाने वाडीच्या कडेची जागा मला दिली होती. मी शाळेत शिकवत होते, गावच्या पतपेढीची सभासद होते. जागा गहाण ठेवून कर्ज द्या, घर दोघांच्या नावावर राहील, असा अर्ज केला. रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर कमिटीने बोलावलं. नवरा बाहेर पायरीवर बसला, मी आत गेले.

चेअरमन म्हणजे बापाचे चुलतभाऊ, माझे काकाच. त्यांनी चष्मा पुसत पुसत निकाल दिला.

"बाय, लगीन झालेली पोरगी नवऱ्याच्या गावची. तुजा नवरा परदेशचा, म्हंजे तू पन तिकडचीच. तो उद्या निंगून गेला तर आमी कोनाला धरायचं?"

माझं डोकं फिरलं. ज्या गावात जन्मले, ज्या गावाच्या पोरांना बाराखडी शिकवली, त्या गावाने मला बसल्या जागी परकं केलं होतं.

"काका, मी सासरी गेलेच कवा? सात वर्सं सगळा गाव त्याला घरजावई म्हनून चिडवतो. भर मांडवात तुमीच बोललात ना, आमच्या भावाने जावई नाय, सून आनली?"

"बोललो असेन. मस्करी होती ती."

"मग सांगा, सून कोनच्या गावची?"

कमिटीतले दोघे फिसकन हसले. एकाने हसू लपवायला चहाची बशी तोंडाशी धरली. काकांचे कान लाल झाले. नियम त्यांचाच होता: सून सासरच्या गावची.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. कर्ज मिळेल, पण माझ्या एकटीच्या नावावर, आणि गहाणखतात एक ओळ घालायची: नवऱ्याचा या घरावर कसलाही हक्क नाही, त्याचा मुक्काम तात्पुरता आहे. मी लेखणी हातातसुद्धा घेतली नाही. नवऱ्याने बाहेर सगळं ऐकलं होतं. दारातून हळूच म्हणाला, "सही कर गो. माझ्या नावाशिवाय घर पडणार नाही." मला त्याचाही राग आला. ठाण्यावर तात्पुरता, गावात तात्पुरता, आता बायकोनेही तसंच लिहून द्यायचं? मी कागद काकांपुढे सरकवला आणि बाहेर पडले.

मूर्खपणा केला, असं माझी बहीण अजून म्हणते. केला तर केला.

कर्जाविना घर कुडाचं झालं. दोन खोल्या, जुनी कौलं. भिंती आम्ही दोघांनी लिंपल्या. एक भिंत दोनदा ढासळली, दोनदा उभी केली. शाळेतून आले की मी साडी खोचून चिखल तुडवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची. कमिटीवाले त्या वाटेने जायचं टाळू लागले. मला बरं वाटायचं.

राहायला गेलो त्याच आठवड्यात नवऱ्याची हजेरी होती. या खेपेला मीही ठाण्यावर गेले. पत्ता बदलला म्हणून नवा अर्ज भरायचा होता. 'सध्याचा मुक्काम' या रकान्याशी नवऱ्याचा हात थांबला. मी लेखणी घेतली आणि लिहिलं: स्वतःचं घर.

हवालदार वैतागला. "बाई, इथं पत्ता लिहायचा असतो."

"पत्ता खाली लिहिते," मी म्हटलं. "आधी हे वाचा."