पिल्लू उडालं का?

खोटं बोलून माणसाला सुखाने निरोप देता येतो, असं मला वाटलं होतं. तेच खोटं पुढे दहा दिवस घशात अडकून बसलं.

माझे मालक, मुलीचे आण्णा, आठ महिने अंथरुणाला खिळले होते. पाथर्डीकडच्या आमच्या रानात ओढ्याकाठी उंच लिंब आहे. पडवीत खाट टाकली की तो समोर दिसतो. त्याच्या शेंड्याला घरटं होतं. मी घारीचं म्हणायची. "घार न्हाई गं, गरुड हाय. देवाचं वाहन," ते म्हणायचे. मादीने सरडा आणला, कावळ्यांनी पिल्लाला पिडलं, सगळं मला ऐकवायचे. पुढे त्यांची नजर गेली, आणि रोज एकच विचारणं सुरू झालं, "पिल्लू उडालं का?" शेवटच्या सकाळी विचारलं तेव्हा मी जागरणाने वैतागलेली. मी न बघताच सांगून टाकलं, "उडालं." ते हसले. दुपारी गेले.

दहाव्याला त्याच ओढ्यावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. दीर म्हणाले, "दादा, वयनीला आमी अंतर देनार न्हाई." मुलगी म्हणाली, "आण्णा, मी नर्सिंग पुरं करीन." ऊन चढलं. कावळे होते की, पण सगळे लिंबावर घरट्याभोवती कालवा करत होते. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मला मात्र घरट्यात अंग चोरून बसलेलं पिल्लू दिसलं आणि रडूच फुटलं. सगळ्यांदेखत हात जोडले. "अवो, मी खोटं बोलले. ते अजून उडालं न्हाई. उडालं की तुमाला सांगंन."

तेवढ्यात मादी ओढ्यावरून परतली. कावळे पांगले आणि त्यातला एक येऊन पिंडाला शिवला. मादी आली म्हणून कावळे उठले, हे मलाही कळतं. पण पांडुरंगाने माझं ऐकलं, एवढं मी मनाशी धरलं आहे.

मग रोज सकाळी पडवीच्या पायरीवर बसून बघायची. घाई केली नाही. आपण म्हणू तेव्हा काही होत नसतं, देवाला वाटेल तेव्हा होतं, हे मला फार उशिरा कळलं. एके दिवशी पिल्लू काठावरून सुटलं, डगमगलं आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन टेकलं. "अवो, उडालं," म्हणत मी मागे वळले. खाट रिकामी होती. देवाने माझं खोटं खरं करून दिलं, त्याचे उपकार मानले, आणि खाटेवर हात ठेवून त्यांना पुन्हा एकदा नीट सांगितलं.