मामूचे कोरडे वाडगे

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे विचारता, "आजी, गच्चीत ते वाडगे कशाला टांगलेत?" मी "हवा मोजायला" म्हणते आणि विषय बदलते. परवा मामूला जाऊन वर्ष झाले, म्हणून आज पूर्ण सांगते.

सांगलीच्या पत्रेवाल्या गल्लीत पत्र्याची भांडी करणारा मामू बोलताना मान वर करत नसे. डोळे पत्र्यावर, आणि दर वाक्यामागे खोकला. समोरचा भंगारवाला तांब्यासाठी जुन्या वायरी जाळी. तो काळा धूर थेट मामूच्या दुकानात शिरे. तक्रार केली की कचेरीत पुरावा मागत.

निवृत्तीनंतर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदत करत होते. धुरातली विषारी रसायने टिपणारे परदेशी साधन आमच्याकडे एकच होते. तसे इथे बनवून पारखायचे होते. ना वीज, ना पंप. खाली एक वाडगा, त्यावर दुसरा उपडा, हवा शिरायला मध्ये फट आणि आत स्पंजाची चकती. महिनाभर टांगायची, मग तपासायची. वाडगे मामूने केले. परदेशी नमुना हातात फिरवून म्हणाला, "बाई, ह्याची कड लय वंगाळ हाय. माझी बघा."

त्याची एक जोडी त्याच्याच दुकानावर टांगली, दुसरी तुलनेसाठी साताऱ्याला, माझ्या बहिणीच्या गच्चीतल्या स्वच्छ हवेत, परदेशी साधनाशेजारी. तिसरी न टांगता माझ्या कपाटात बंद ठेवली.

"धूर कागदावर आला की बंद हुईल न्हवं?" त्याला एवढेच हवे होते.

महिन्याने अहवाल आला. साताऱ्यात परदेशी चकती स्वच्छ, मामूची बरबटलेली. कपाटातल्या तिसऱ्या जोडीतली चकतीही तशीच. म्हणजे दोष हवेत नव्हता, वाडग्यांतच होता. मी तरातरा दुकानात गेले.

"मामू, आतून काय लावलंत?"

"मशीनचं तेल. तेलाचा हात फिरवल्याबिगर भांडं द्याचं व्हय? माझ्या बापानं कवा दिलं न्हाई."

"तेल लावू नका, असं लिहून दिलं होतं मी!"

त्याने खिशातून माझा कागद काढला. घडीसुद्धा मोडली नव्हती. "आवं बाई, इंग्लिश हाय त्ये."

तेलाची सूचना त्यात तिसरीच ओळ होती. आयुष्यभर शिकवले, पण हे त्याला वाचता येईल का, एवढे विचारले नव्हते.

तो रागावला नाही. सगळे वाडगे स्वतः घासून, धुऊन दिले. "आता किती दिस?"

"अजून एक महिना."

"काढू की," म्हणाला, आणि खोकत बसला.

तो महिना त्याला पुरा झाला नाही. चकती उतरवायला गेले तेव्हा दुकानाला कुलूप होते. शेजाऱ्याने शिडी धरली. या वेळी साताऱ्यातल्या दोन्ही साधनांचे आकडे जुळले, मामूचे वाडगे खरे ठरले, आणि गल्लीचा आकडा कुणालाच नाकारता येईना. जाळणे थांबले. भंगारवाला गावाबाहेर गेला. तिथे काय करतो, मला ठाऊक नाही.

मामूच्या हातच्या दोन जोड्या अजून टांगलेल्या आहेत, एक साताऱ्यात, एक माझ्या गच्चीत. दोन्ही आतून कोरड्या आहेत.