मशीनताईचं भूत

आमच्या गल्लीत कुणाचं बटण निसटलं, शिवण उसवली, की पाय आपोआप मशीनताईच्या दाराकडे वळतात. पन्नाशी उलटली तिची. पायमशीन चालवण्यात इतकी वर्षं गेली की नुसती उभी असली तरी तिचा उजवा पाय हलत असतो. बोलणं कमी, आणि जे बोलते ते दातांत टाचणी धरून. समोरच्याच्या कपड्यावर सुटलेला दोरा दिसला की तिला राहवत नाही. वाकते, दातानं तोडते, मग विचारते, "काय काम काढलंत?" मग तो पाहुणा असो नाहीतर पोलीस.

तिची आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. तिनंच त्याला वाढवलं. तो फोटोवाला झाला. वीस वर्षं लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं, पण मनात एकच, आपला एक सिनेमा काढायचा. तोही भुताचा, कारण अंधार फुकट मिळतो.

"ताई, भूत तू हो."

"मेल्या, मी जिवंत आहे अजून!"

"म्हणून तर. मेलेलं कोण वेळेवर येणार?"

ताईनं जुन्या पडद्यांचा झगा शिवला. दुहेरी शिवण, सरळ घेर, आणि बाजूला खिसा.

"भुताला खिसा कशाला गं?"

"मग हात कुठं ठेवायचे?"

धुकंही तिनंच केलं, ओल्या फडक्यावर तापलेली इस्त्री टेकवून. नायक झाला गिरणीवाला. अंगभर पीठ घेऊन आला, तेव्हा भूत कोण नि माणूस कोण हे कळावं म्हणून त्याला आधी आंघोळीला पाठवावं लागलं.

शेवटच्या प्रसंगात भुतानं मागून येऊन त्याचा गळा आवळायचा होता. ताई आली. बोटं पसरली. आणि तिला कॉलरवर लोंबणारा दोरा दिसला. ती वाकली, दातानं तोडला, वर कॉलरही नीट बसवली. मग चूक ध्यानात आली तशी तिनं हळूच मान वर करून कॅमेऱ्यामागच्या भावाकडे पाहिलं.

भावानं कपाळाला हात लावला. "उद्या परत घेऊ." पण दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याची दाढ सुजली, आणि गालाची सूज उतरेपर्यंत, ज्या गोदामात शूटिंग चालायचं तिथं पोती भरली होती.

"बघतो काहीतरी जोडून," भाऊ म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "लोक घाबरले तर मी सिनेमावाला. नुसते हसले तर कॅमेरा विकतो आणि सिमेंट-सळईच्या दुकानात काट्यावर बसतो. शेठनं बोलावलंय."

तो बोलतो ते करतो, हे ताईला ठाऊक होतं. त्या रात्रीपासून तिला घास गोड लागेना.

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात खिडक्यांना गोणपाट लावून सिनेमा लागला. धुक्यातून दार आपोआप उघडलं तेव्हा पुढच्या रांगेतली पोरगी आईच्या मांडीवर चढली. ताईला जरा बरं वाटलं. पण शेवट जवळ आला तसं तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

पडद्यावर पांढरी बोटं गळ्याशी आली. तोंड मानेकडे झुकलं.

"अरे, मागे बघ!" हेडमास्तर ओरडले.

टक्. दोरा तुटला. आणि असं हसू फुटलं की बाकं हलली. भुतानं कॉलर बसवली तेव्हा तर गिरणीवाल्याची बायको हसून हसून डोळे पुसायला लागली. तेवढ्यात भुतानं मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं, जणू पुढची कॉलर शोधतंय. हसता हसताच सगळं सभागृह किंचाळलं. प्रत्येकाचा हात आपापल्या कॉलरवर गेला, सिमेंटवाल्या शेठचासुद्धा.

ताईच्या कानात मात्र हसणंच बसलं होतं. ती धडपडत मागे प्रोजेक्टरपाशी भावाकडे गेली. "माझ्यामुळं गेलं रे सगळं."

"गेलं? ताई, अगं किंचाळले ते! मला दुसरं जोडायला मिळालंच नाही, आहे तसंच ठेवलं."

"शेवट परत लावा," हेडमास्तरांनी फर्मावलं. उभ्या जन्मात त्यांनी वर्गात कुणाला हसू दिलं नव्हतं.

भाऊ बटणावर बोट ठेवून लोकांकडेच बघत राहिला. ताईनं ते धरून दाबलं.

"बस आता खाली," ती म्हणाली. "मला बघू दे. मघाशी मी डोळे मिटले होते."