सिस्टरच्या गाण्यामागे

मुंबईतल्या हॉटेलांत मी बरीच वर्षं जॅझ पियानो वाजवला. एरवी लॉबीत एकटीनं, शनिवारी गायिकांच्या साथीला. मला साथ करणंच जास्त आवडायचं. गाणारी श्वास कुठे घेते याकडे कान लावून बसायचं, तिच्या पायाखाली जमीन ठेवायची आणि आपण आड राहायचं. पुढे नवऱ्यानं नोकरी सोडून डहाणूची घरची चिकूवाडी सांभाळायचं ठरवलं. आम्ही पियानोसकट इकडे आलो आणि मी शिकवण्या सुरू केल्या.

एका रविवारी जवळच्या कासा गावातल्या दवाखान्यातली एक नर्स दारात उभी राहिली. पन्नाशीची, तलासरीकडच्या पाड्यावर वाढलेली. तिला सगळे सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

"शिकवणी कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी. पण मला वाजवायचं नाही, टीचर. मी गाणार, तुम्ही वाजवा."

"काय गाणार?"

"आईची लग्नातली गाणी. भाचीचं लग्न ठरलंय. आता हळदीला डीजेच असतो. म्हटलं, एक तरी गाणं आपलं व्हावं."

ती उभ्यानंच गायली, आपलेच हात एकमेकांत घट्ट धरून. मी चार-चार मात्रा मोजत मागे निघाले आणि तिसऱ्याच ओळीला आपटले. ती ओळ केवढी तरी लांब निघाली.

"सिस्टर, ओळ अशी वाढते कशी?"

"मामाचं नाव आलं ना त्यात! नाव मोठं असलं तर काय करणार?"

आम्ही दोघी हसत सुटलो. मग मी मोजणं सोडलं आणि तिच्या तोंडाकडे बघत वाजवायला लागले. काही रविवारांनी हात बसला. एकदा तिच्या साध्या सुराखाली मी हळूच जॅझचा एक तिरका कॉर्ड, जरा खटकणाऱ्या सुरांचा झुबका, सरकवला. ती थांबली.

"हे काय केलंत?"

"नको?"

"नाही, नाही, पुन्हा करा! चिंच चोखल्यासारखं वाटतंय."

हळदीच्या दिवशी पियानोऐवजी शिकवणीचा छोटा कीबोर्ड गोधडीत गुंडाळून आम्ही जीपनं पाड्यावर गेलो. डीजेवाल्यानं आपल्या स्पीकरला वायर जोडून दिली. मांडव माणसांनी भरलेला. सिस्टरनं सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर ती थांबली. भाचीकडे बघितलं आणि डोळे पुसायला लागली. मी तोच कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, ती येईल म्हणून.

तेवढ्यात हळदीनं माखलेले हात घेऊन सिस्टरची म्हातारी आत्या मागून पुढे आली आणि तिनं ती ओळ उचलली. पण केवढ्या खालच्या पट्टीत! तिच्या पुढच्या श्वासाला मी पट्टी बदलली. आत्यानं माझ्याकडे तिरकं पाहिलं. पुढची ओळ मुद्दाम ताणली, मीही ताणली. मग अर्ध्यातच तोडली, मी तिथेच थांबले. बायका खिदळायला लागल्या. तोवर सिस्टरही पुन्हा गायला लागली. दोघींचं गाणं सुरू झालं तशा बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले आणि फेर फिरायला लागला. नवरी पाटावर बसल्या बसल्याच डोलत होती. डीजेवाल्यानं आपणहून आवाज वाढवला. माझ्या डाव्या हातात हॉटेलातल्या शनिवारांसारखा झुलता ठेका कधी आला, मला कळलंसुद्धा नाही.

गाणं संपल्यावर आत्यानं माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि सिस्टरला म्हणाली, "ही बाय मागं मागं येते, पण पायावर पाय नाय देत."

टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या होत्या. साथीला अशी दाद कधी मिळाली नव्हती. जेवताना सिस्टर माझ्या ताटात भात वाढत राहिली आणि मी नको म्हणायचं विसरले.

आता रविवारी सिस्टर दवाखान्यातल्या आणखी मैत्रिणींना घेऊन येते. सगळ्यांना गायचंच असतं, वाजवायला एकही तयार नाही. माझी काही तक्रार नाही.