वरवंट्याने अडवलेलं दार

बाबा आज सकाळी गेले. दार नेहमीसारखं उघडंच होतं.

आमचं चारकोपचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना तो दाराला टेकवलेला वरवंटा आठवत असेल. मिक्सर आला, आता तरी टाका तो, असं सगळे म्हणायचे.
तो तिथे का आहे, ते आज सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरणी बंद पडली, बाबांनी लालबागची खोली विकली आणि आम्ही इकडे आलो.
स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. आणि दाराला लॅच.
पाहुणे आले की बाबा आधी लॅच दाखवायचे, मग चहा.
पोरांसाठी घेतलं सगळं, म्हणायचे.

मी तेव्हा शाळेपेक्षा मार्वेच्या जेट्टीवर जास्त. फेरीने मनोरीला जायचं, तिथे वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे कसे... जाऊ दे, विषय मंदाचा.

मंदा माझी धाकटी बहीण. पाच वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू.

एका दुपारी ती झोपली होती. आई कामावर. बाबा रॉकेल आणायला निघाले आणि सवयीने दार ओढून घेतलं.

लालबागच्या चाळीत तेवढंच करायचं असतं. पोर उठलं तर शेजारची कोणीतरी उचलते, भात भरवते. सांगावंसुद्धा लागत नाही.

इथे लॅच लागलं. चावी आत, खुंटीला. आतली कळ मंदाच्या हाताला न पुरणारी.

रॉकेलची रांग लांब. बाबा परतले आणि मीही तेव्हाच उंडारून आलो. आतून दार बडवून बडवून मंदाचा आवाज बसला होता.

शेजारच्या काकूंनी दार किलकिलं केलं. "केव्हाची रडतेय हो. मला वाटलं, घरचा मामला असेल."

वाईट नव्हत्या त्या. त्याही नवीनच. बिल्डिंगमध्ये असंच राहायचं असतं, असं त्यांना वाटलं असणार.

बाबांनी मला इंडस्ट्रियल इस्टेटमधला सुतार आणायला पिटाळलं. त्याला घेऊन आलो तर बाबा जमिनीवर आडवे, दाराखालच्या फटीत बोटं घातलेली, आणि एकच बोलत होते.

"बाय, मी हयच आसंय."

दार उघडलं. मंदा बाहेर आली.
तिची बडबड आतच राहिली.

शाळेत बाई विचारायच्या, मुलगी बोलत का नाही? बाथरूमला गेली तरी दार उघडं आणि बाहेर कोणीतरी उभं लागायचं.

बाबांनी लॅच उपटलं. दाराला वरवंटा लावला. सुट्टीच्या दिवशी उंबऱ्यात बसून बिल्डिंगमधल्या पोरांना हाका मारायचे, या रे, मंदाशी खेळा. कधी एखादं यायचं. बाकीच्यांची दारं बंद.

परत जायचं तर लालबागची खोली दुसऱ्याची झालेली.

एकदा मला म्हणाले, "खोली इकूक नको हुती रे. पोरीक दार दिलंय, माणसां खंय दिलंय?"

मंदा बोलायला लागली हळूहळू. पण पहिल्यासारखी नाहीच. आता मुलुंडला सातव्या मजल्यावर राहते, लिफ्ट असून जिन्याने चढते.

आज बाबांना न्यायच्या वेळी कोणीतरी वरवंटा बाजूला करायला वाकलं.
"राहू दे तिथेच," मंदा म्हणाली.

मग बाबांच्या कानाशी वाकली.
"बाबा, मी हयच आसंय."

जा बाबा, निवांत जा.
दार आम्ही लावणार नाही.