मधली शांतता

परीक्षेआधी हा तुकडा एकदा तरी माणसांसमोर वाजव, नाहीतर मी तुझा फॉर्म भरणार नाही, असं माझ्या पियानोच्या बाईंनी बजावलं. त्यांची तक्रार एकच होती: मी शांतता घाईने उरकते.

तुकडा गेल्या शतकातल्या, स्पेनमधल्या एका कॅटलान संगीतकाराचा. जुन्या लोकगीताची चाल, मग लांबून आल्यासारखे घंटेचे दोन स्वर, आणि मग काहीच नाही. हे काहीच नाही कागदावर रीतसर लिहिलेलं आहे. तिथे मनात सहापर्यंत मोजायचं. मी तीनवरच पुढे जायचे. सगळे बघत असताना गप्प बसणं मला अवघड जातं. बोलणं त्याहून अवघड, म्हणून तर पियानो.

माणसं म्हणजे आमच्याकडे मराठी मंडळ. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम होता आणि माझा नंबर कोळीनृत्यानंतर, जेवणाच्या आधी. सूत्रसंचालन करणाऱ्या काकूंना मी अर्धं पान माहिती लिहून दिली होती. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"आणि आता, एक धमाल स्पॅनिश आयटम!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

चाल झाली, घंटा झाल्या. मी हात उचलले. एक. दोन.

आमच्या मंडळात स्टेजवर मूल कविता विसरलं की अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. सात वर्षांची असताना मीही त्या घेतल्या आहेत. तीनला पहिली टाळी पडली, चारला सगळ्यांच्या.

"होतं असं बेटा! पहिल्यापासून घे!" एक काका ओरडले.

काकू पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. माइक चालूच होता. "अगं, आठवतंय तेवढं वाजव. लोकांना कुठे कळतंय?"

विसरले नाहीये, हे असंच आहे, एवढं सांगायचं होतं. मी वाक्य मराठीत जुळवलं, मग इंग्लिशमध्ये. बाहेर एकही आलं नाही. मी पाणी प्यायले आणि पुन्हा हात उचलून बसले. टाळ्या विरल्या. कुजबुज झाली. किचनमध्ये ताटांची चळत आपटली. मग मात्र हॉल खरंच घाबरला; कुणी खोकेना. तेव्हा मी एकपासून मोजायला सुरुवात केली.

सहा झाल्यावर उरलेला भाग वाजवला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या मला मिळाल्या. जेवणाच्या रांगेत काकूंनी माझ्या ताटात एक पुरी जास्त टाकली. "पुढच्या वर्षी जरा पाठ करून ये हं."

स्टॅनमोरला घरी परतताना बाबा कारमध्ये म्हणाले, "विसरलीस, पण पॅनिक झाली नाहीस. प्राउड ऑफ यू." मी थँक्यू म्हणाले.

मंगळवारी बाईंनी विचारलं, शांतता किती धरलीस?

"सहा," मी म्हणाले. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.